विचारा तर खरं : समुद्राकाठची वाट आणि वाटेत भेटणारी माणसं

गड्ड्याची जत्रा उरकली की सोलापुरात दोन गोष्टी सुरू होतात, एक म्हणजे ऊन आणि दुसरी म्हणजे कोकणाचे प्लॅन. या वेळी पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप सगळं धरून किनाऱ्याचेच प्रश्न जास्त आलेत, आणि गंमत म्हणजे कुठं राहू, काय बघू हे फार कुणी विचारलेलंच नाही, सगळ्यांना विचारायचंय ते सोबतीचं. कोण भेटेल, भेटलं तर बोलायचं कसं, बोललो तर पुढं काय. म्हणून हे पान तेवढ्यालाच दिलंय. नावं नेहमीसारखीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी मागच्या वर्षी शाळेतून रिटायर झाले. समुद्र आजवर बघितला तो शाळेच्या सहलीत, पोरं मोजत मोजत, म्हणजे बघितलाच नाही असं समजा. आता एकटीनं जायचंय, एसटीनं, किनारा धरून, या गावातून त्या गावात, घाई न करता. आमच्या ह्यांना प्रवासाचा कंटाळा, ते म्हणतात तू जा, मी डबा लावतो. पण मी काही बोलक्या स्वभावाची नाही. आठ दिवस कुणाशी बोललेच नाही तर, या विचारानंच पोटात गोळा येतो. वाटेत ओळखी होतात असं सगळे म्हणतात, त्या होतात कशा? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : बाई, आधी मिस्टरांना डब्याबद्दल शंभरपैकी शंभर.

आता तुमचं. ओळखी व्हायला माणूस बोलका असावा लागत नाही, थांबलेला असावा लागतो. आपण गाडीत बसून एका रिसॉर्टवरून दुसऱ्या रिसॉर्टला जातो तेव्हा कुणीच भेटत नाही, कारण थांबायची वेळच येत नाही. तुम्ही एसटीनं निघालाय हे तर चांगलंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे किनाऱ्याचा कुठला पट्टा धरताय. माझं ऐकाल तर उत्तरेकडून सुरू करा, अलिबागकडून खाली. तिथं थोडं पुढं गेलं की एक खाडी आडवी येते आणि रस्ता संपतो, मग फेरीबोट. मुरुड-जंजिऱ्याच्या पुढं आगरदांडा ते दिघी. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून बागमांडला ते वेश्वी, ही सावित्रीची खाडी, बाणकोटची. दापोलीकडचा किनारा झाला की दाभोळ ते धोपावे, ही वाशिष्ठीवर. आणि गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळ ते जयगड, ही शास्त्री नदीवर. रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी यातल्या खाड्यांवर पुलांची कामं काढलीयेत, पूल झाले की वेळ वाचेल हे खरं, पण तुमच्यासारखीनं ते व्हायच्या आत जाऊन यावं.

धक्क्यावर काय होतं बघा. बोट पलीकडं असते, दिसत असते, पण यायला वेळ असतो. टपरीवर चहा असतो. गाडीतली माणसं कंटाळून खाली उतरतात, एसीतली पोरं पाण्याकडं पळतात, कोळणी पाट्या खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभ्या राहतात, आणि कुणीतरी कुणालातरी विचारतंच, किती वेळ लागेल हो. झालं, तिथून सुरू. बोटीत शिरलं की दहा-पंधरा मिनिटं सगळे कठड्याला टेकलेले, आणि कुणालाच काही काम नाही. तुम्ही फक्त एवढं विचारायचं, पलीकडून गुहागरला एसटी कधी आहे. मदत मागितली की समोरचा माणूस आपणहून बोलतो, त्यासाठी बोलकं असायला नको. एसटीचं उत्तर येतं, मग कुठल्या तुम्ही हे येतं, मग सोलापूर म्हटलं की तिकडं ऊन फार ना, आणि चादरी. चादरीचं तर हमखास.

आणि दुसरी गोष्ट, जी फार कुणी सांगत नाही. किनारा म्हणजे एकच रेघ आहे. महाबळेश्वरला सकाळी भेटलेला माणूस संध्याकाळी कुठल्या पॉइंटला गेला तुम्हाला कळत नाही, इथं मात्र सगळे एकाच रेघेवरून चाललेले असतात, एक तर वर नाहीतर खाली. सकाळी हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर नुसत्या बघून हसलेल्या बाई दुपारी वेश्वीच्या बोटीत असतात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हर्णैच्या लिलावात मासे न घेता नुसत्या बघत उभ्या असतात तुमच्यासारख्याच. तिसऱ्यांदा दिसलं की अनोळखी म्हणता येत नाही. (हर्णैचा लिलाव चुकवू नका, उतरत्या उन्हात होड्या लागतात, बैलगाड्या पाण्यात घालून माल काठाला आणतात, आणि बोली अशी भरभर चालते की गणित शिकवलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही.)

जयगडच्या खाली मात्र पूल बरेच आहेत, रस्ता सरळ पळतो, तिथं ओळखी आपणहून होत नाहीत. तिथं होडीच्या जागा शोधायच्या. मालवणच्या जेटीवर सिंधुदुर्गला जाणारी होडी माणसं भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणजे परत थांबणं आलंच. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पायाभरणी केलेला किल्ला, चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. होडीवाला आत ठरावीक वेळच देतो, मग काय आधी बघायचं यावरून होडीतली माणसं आपोआप एकमेकांना विचारायला लागतात.

आता व्यवहाराचं. सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी मुंबई, टॅक्सीनं गेटवे, तिथून मांडव्याची लाँच, तिच्या तिकिटातच पुढं अलिबागपर्यंतची बस येते. या लाँच पावसाळ्यात बंद असतात, तसंही तुम्हाला फेब्रुवारी-मार्चच बरा. परत येताना रत्नागिरीहून आंबा घाटानं कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा, म्हणजे आपला १६६ नंबरचा नॅशनल हायवे धरून थेट घरी. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच, त्यामुळं ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार किंवा सात दिवसांचा पास काढायच्या आधी हिशोब करून बघा, अर्ध्या तिकिटात फिरणाऱ्या बाईला तो परवडेलच असं नाही. खेड्यांत गाड्या मोजक्या असतात, म्हणून पोचल्या पोचल्या उद्याच्या गाडीची चौकशी करायची. सकाळी सुटणारी मुक्कामी गाडी मिळाली तर उत्तम, तिच्यात डझनभर माणसं रोजची, ती तुम्हाला बरोबर सांभाळून घेतात.

आणि बुकिंग करताना सांभाळा, मुरुड दोन आहेत, एक रायगडातलं जंजिऱ्याचं आणि एक दापोलीतलं, महर्षी कर्व्यांचं. आपल्याकडं तर मुरुड म्हटलं की लातूरच्या अलीकडचं तिसरंच डोळ्यापुढं येतं.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं मित्र, दोन बाईक, कॉलेजच्या सुट्टीत रत्नागिरी ते रेडी मारायचा प्लॅन आहे. रस्त्यात दुसरे बाईकवाले ग्रुप भेटतात म्हणे, त्यांच्यासोबत जॉइन होऊन जावं का? तंबू लावणार, शेकोटी, समुद्रात पोहणं, लई धमाल करायची. घरचे भांडायलेत, तुम्ही काहीतरी लिहा की त्यांच्यासाठी. (विडी घरकुल)

उत्तर : घरच्यांसाठी नाही, तुझ्यासाठीच लिहिते.

दुसऱ्या ग्रुपबरोबर जायला हरकत नाही, पण त्यांच्या स्पीडनं जायला माझी हरकत आहे. आंबा घाटात ज्याची बाईक मोठी तो पुढं पळतो आणि मागचा इज्जतीखातर रेस धरतो, असंच असतं ते. नव्या लोकांबरोबर जमलं तर पुढच्या चहाला भेटू म्हणायचं आणि आपापलं यायचं. चहाला न आलेल्यांशी दोस्ती नव्हतीच म्हणायची. शिरोड्यापर्यंत पोचलात तर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची ती जागा आहे, दोन मिनिटं थांबा, नुसती रील काढून पळू नका.

आता पोहण्याचं, आणि हे नीट वाच. आपण सोलापूरची माणसं विहिरीत सूर मारून शिकलेली, फार तर हिप्परग्याच्या तलावात हात मारलेले. विहिरीचं पाणी कुठं जात नाही, समुद्राचं जातं. काठावर येऊन फुटलेल्या लाटांचं पाणी परत जायला एक वाट शोधतं आणि त्या पट्ट्यात ते माणसाला आत ओढतं. गंमत अशी की त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसतं, म्हणून नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. ओढलाच गेलास तर काठाकडं तोंड करून झुंजायचं नाही, दमून जाशील, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग काठाकडं वळायचं. पण त्याच्याही आधी गावातल्या कोळ्याला विचार, इथं उतरतात का. तो नाही म्हणाला तर विषय संपला, नव्या मित्रांनी कितीही फट्टू म्हटलं तरी. उलट मी तर म्हणते नवी ओळख झाली की त्याच दिवशी त्यांच्याबरोबर पाण्यात उतरूच नये, कारण एकमेकांना कोण किती पोहतं हे माहीत नसतं आणि कमीपणा कुणालाच नको असतो.

तंबू लावताना भरतीची रेघ बघ, वाळलेला कचरा, शिंपले जिथवर आलेत ना, त्याच्या बरंच वर लावायचा. आणि तिथी बघायला शीक, आजीला कळतं ते तुलाही कळलं पाहिजे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी फार वर येतं आणि फार खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी, चढउतार कमी. जुना हिशोब असा की तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणलं की भरतीची अंदाजे वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, दिवसाही आणि रात्रीही, आणि रोज ती पाऊण तासानं पुढं सरकते. हा नुसता अंदाज, नक्की वेळ गावातल्या माणसाकडून घे. बाईक वाळूत घालायची नाही, तिथं रुतली की भरती तुझ्यासाठी थांबत नाही.

शेकोटी गावाला विचारून. दारू पिऊन पाण्यात नाही. बाकी धमाल करा की, कोण नको म्हणतंय.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, वय २३. इन्स्टावर ओळख झालेल्या तीन मुलींबरोबर कासवं बघायला वेळासला जायचं म्हणते. त्या मुलींना ती अजून प्रत्यक्ष भेटलेलीसुद्धा नाही. हो म्हणू का नाही म्हणू? (एक आई, साखर पेठ)

उत्तर : तिनं तुम्हाला सांगितलंय, यातच निम्मं काम झालंय. नाही म्हणाल तर पुढच्या वेळी सांगणार नाही.

वेळास हे खरं तर अशा पहिल्या प्रवासाला बरं गाव आहे. बाणकोटच्या जवळचं छोटं गाव, २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना धरून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायचं काम तिथं सुरू केलं, त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. हॉटेलं वगैरे नाहीत म्हणण्यासारखी, लोक गावकऱ्यांच्या घरातच उतरतात, ओसरीवर गाद्या टाकून, आणि जेवायची पंगत एकत्र. म्हणजे घरची आजी, सून, शेजारी सगळ्यांची नजर असतेच. सकाळी उजाडता उजाडता आणि मावळतीला सगळे वाळूवर जातात, दोरीच्या अलीकडं उभं राहायचं, कार्यकर्ता जाळीच्या आत जाऊन पुरलेल्या अंड्यांवरची टोपली उचलून बघतो, आणि पिल्लं आली असतील तर ती पाण्याच्या दिशेनं सोडतात. नसली तर नाही, परत संध्याकाळी या. रिकाम्या टोपलीनंतर सगळे जे एकदम हसतात ना, तिथंच लोकांच्या ओळखी होतात हो, कासव दिसल्यावर तर सगळे मोबाईलमध्येच असतात.

तेव्हा अट एवढीच घाला की निघायच्या आधी त्या मुली पुण्यात एकदा भरदिवसा, चार माणसांत भेटू देत. जिच्याशी एका चहाला जमत नाही तिच्याबरोबर दोन मुक्काम काय जमणार. उतरणार त्या घराचा नंबर तुम्ही स्वतः घ्या आणि एकदा बोलून घ्या, लाइव्ह लोकेशन चालू ठेवायला सांगा, ११२ नंबर तिला पाठ असू दे, आणि परतीचे पैसे प्रत्येकीचे आपापल्याकडं. म्हणजे नाहीच पटलं तर एकटी उठून एसटीत बसता यावं. आणि एक तुमच्यासाठी, तासातासाला फोन करू नका. रेंज येते-जाते, फोन लागला नाही की तुम्ही इथं देव पाण्यात घालून बसाल आणि तिकडं ती पंगतीत सोलकढी पीत असेल.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी. वाटेत ओळख झालेली माणसं मासे खाणारी निघाली आणि एकत्र जेवायला चला म्हणाली तर पंचाईत होते. (अशोक चौक)

उत्तर : पंचाईत कसली, कोकण म्हणजे नुसते मासे असं आपल्याकडंच वाटतं. घावन, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, उकडीचे मोदक. गणपतीपुळे, गुहागर, दिवेआगरकडं घरगुती शाकाहारी खानावळी भरपूर आहेत. जेवण वेगवेगळं ठेवा आणि चहा, सोलकढी, आंबापोळी एकत्र, कुणाला वाईट वाटत नाही. नाकाला रुमाल लावून त्यांच्या टेबलावर बसण्यापेक्षा ते बरं. ज्वारीची भाकरी मात्र मागू नका, तिथं तांदळाची मिळेल, आपल्या पिशवीत कडक भाकरी असतीलच म्हणा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी गणपतीपुळे-मालवण ट्रिपमध्ये नाशिक आणि लातूरची दोन कुटुंबं भेटली. पुढचे सगळे दिवस बरोबर फिरलो, पोरं तर एकमेकांना सोडेनात. घरी आल्यावर ग्रुप काढला. पहिले दोन महिने रोज फोटो, मग गुड मॉर्निंग, आता तेही नाही. मी मेसेज टाकतो, निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. आमचं काय चुकलं? मन लागत नाही. (निवृत्त बँक कर्मचारी, होटगी रोड)

उत्तर : काका, तुमचं काही चुकलेलं नाही, आणि त्यांचंही. पंढरपूर आपल्या जिल्ह्यातच आहे, दिंडीतली माणसं तुम्ही बघितलीच असतील. वीस दिवस एका राहुटीत झोपतात, एकमेकांचे पाय चेपून देतात, आणि द्वादशी झाली की आपापल्या गावाला. वर्षभर फोन नाही. पुढच्या आषाढात परत, काय माऊली, गुडघा कसाय. कुणी कुणाला विचारत नाही की मेसेज का नाही केला. समुद्राकाठची ओळख पण त्यातलीच समजा, ती जागेवर आणि सवडीवर चालते, आणि घरी आल्यावर दोन्ही संपतं. नाशिकवाल्यांच्या घरात दहावीचं पोर असेल, लातूरवाल्यांच्या घरी आजारपण असेल, ग्रुपवर हे कुणी लिहीत नाही.

आता थोडं टोचेल असं. तुमचे मेसेज मला तुम्ही पाठवलेत म्हणून सांगते, त्यात निम्मे फॉरवर्ड आहेत, सुविचार, गुलाबाचं फूल, पाणी पिण्याचे फायदे. याला माणूस उत्तर काय देणार? ग्रुप तसाच राहू द्या, पण त्यातल्या ज्या एका घराशी खरंच जमलं होतं (तुमच्या पत्रात लातूरवाल्यांचाच उल्लेख सारखा येतो) त्यांना सरळ फोन लावा. विषय हवा असेल तर सोपा आहे, आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत हुरडा असतो, लातूर काही लांब नाही, बोलवा त्यांना शेतावर. स्वतःचं शेत नसलं तर भाच्याचं असेल, मेहुण्याचं असेल, सोलापूरच्या माणसाला शेत सापडत नाही असं होत नाही. आले तर छान. नाही आले तर पुन्हा मेसेजचा मारा करू नका, आणि पोरांनी आपापलं इन्स्टावर काय चालू ठेवलंय ते एकदा पोरांना विचारा, बहुतेक त्यांची दोस्ती मजेत चालू असेल आणि तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल.

प्रश्न : किनाऱ्यावर ज्यांच्या घरी उतरणार त्यांना आणि वाटेत ओळख होईल त्यांना द्यायला सोलापुरी चादरी न्याव्यात का? किती? (बाळे)

उत्तर : चादर एकच, ज्यांच्या घरी जास्त दिवस राहणार त्यांना. बाकीच्यांना नॅपकिन न्या, हलके असतात आणि किनाऱ्यावर लगेच कामाला येतात. शेंगा चटणी अर्धा-अर्धा किलोची पाकिटं करून न्या, डबा नको, डबा परत मागता येत नाही. आणि तिकडच्या दमट हवेत ती इथल्यासारखी टिकत नाही, तेव्हा उघडलेलं पाकीट त्याच पंगतीत संपवा.